जिनिंगच्या काट्यावरच्या फोटोंनी डिस्क भरते, स्क्रिप्टने आपोआप साफ कशी ठेवायची?

धरणगावकडच्या एका जिनिंगवर (कापसातून सरकी काढायचा कारखाना) कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या भाऊंनी विचारलंय. वजनकाट्यावर तीन कॅमेरे आहेत, गाडी भरलेली चढते तेव्हा आणि रिकामी होऊन परत येते तेव्हा असे दोन्ही वेळा फोटो निघतात आणि ऑफिसातल्या उबंटू पीसीवर येऊन पडतात. दसरा-दिवाळीनंतर कापसाची आवक वाढली की डिस्क भरते, काट्याचं सॉफ्टवेअर अडकतं आणि गेटबाहेर गाड्यांची लाइन लागते. आतापर्यंत हाताने डिलीट करत होते, आता एक ओळ क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) टाकून मोकळं व्हायचंय. ती ओळ अशी आहे की व्हेरिएबलमध्ये फोल्डरचं नाव, त्या फोल्डरमध्ये सीडी (म्हणजे तिथे जाणं), मग फाइंड डॉट (तिथून खाली शोधणं), एमटाइम प्लस ३० (शेवटचा बदल तीस दिवसांहून जुना), आणि पाइप करून (ती यादी पुढच्या कमांडला देऊन) एक्सआर्ग्सने सगळं आरएम डॅश आरएफला (न विचारता आतल्या सगळ्यासकट डिलीट). (कमांड बोलतो तशाच लिहितोय, टर्मिनलवर टाकताना नेहमीसारख्या इंग्रजीतच टाका.)

भाऊ, ही ओळ आहे तशी टाकू नका. तुमचा विचार बरोबर आहे, सीझनमध्ये हाताने साफसफाई कुणालाच जमत नाही, पण या एका ओळीत आज सकाळी पडलेले फोटोसुद्धा उडवायची ताकद आहे. माझं या कामातलं मत पक्कं आहे, साफसफाईच्या स्क्रिप्टमध्ये डिलीट ही शेवटची आणि सगळ्यात छोटी ओळ असली पाहिजे, बाकी सगळी स्क्रिप्ट जी फाइल जायला नको तिला वाचवण्यासाठी लिहायची.

आधी तुमच्या ओळीतला सगळ्यात मोठा घोळ बघा. तुम्ही फाइंडला टाइप एफ (फक्त फाइली शोध) सांगितलेलं नाही, म्हणजे तो फाइलसोबत फोल्डरपण शोधून देणार. आता फोल्डरचा एमटाइम कधी बदलतो? त्या फोल्डरमध्ये थेट काही आलं, गेलं किंवा तिथलं नाव बदललं तरच. तुमच्याकडे फोटोंच्या मुख्य फोल्डरच्या आत गेट नावाचं फोल्डर आहे, त्याच्या आत कॅमेरा एक, दोन, तीन, आणि फोटो त्या तिघांत पडतात. म्हणजे गेट या फोल्डरमध्ये थेट काहीच येत नाही, त्याची तारीख कॅमेरे बसवले त्या दिवसावरच अडकलेली आहे. फाइंडच्या हिशोबाने ते फोल्डर महिन्यापेक्षा जुनं, त्याने ते दिलं आरएम डॅश आरएफला, आणि आरएम आत काय नवं काय जुनं ते बघत नाही, अख्खं फोल्डर साफ, दहा मिनिटांपूर्वीच्या ट्रॅक्टरच्या फोटोसकट. म्हणून टाइप एफ हवंच, आणि फाइलच काढायच्या असतील तर डॅश आरएफची गरजच नाही, ते स्क्रिप्टमधून काढूनच टाका.

दुसरं, सीडी. व्हेरिएबलचं स्पेलिंग एका अक्षराने चुकलं की ते रिकामं होतं, आणि कोट न लावता रिकाम्या व्हेरिएबलवर सीडी केलं की शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) गुपचूप होम फोल्डरमध्ये जातो, एरर देत नाही. पुढचं फाइंड डॉट मग तुमच्या होममध्ये चालतं. डिस्क माउंट (सिस्टीमला जोडलेली) नसेल किंवा फोल्डरचं नाव कुणी बदललं असेल तर सीडी एरर देईल, पण स्क्रिप्ट तिथे थांबत नाही, पुढच्या ओळीवर जाते आणि जिथे उभी आहे तिथेच साफसफाई करते. यावर उपाय सोपे आहेत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट डॅश यू, म्हणजे न ठरवलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट बंद पडेल. व्हेरिएबल वापरताना महिरपी कंसात नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह, म्हणजे रिकामं असलं तरी बंद. सीडी करूच नका, फाइंडलाच पूर्ण पाथ (फोल्डरचा पत्ता) द्या, आणि प्रत्येक व्हेरिएबलला डबल कोट. आरएमच्या नव्या व्हर्जनमध्ये रूटला, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी असलेल्या स्लॅशला, संरक्षण असतं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण ते संरक्षण नुसत्या स्लॅशला आहे, स्लॅश स्टारला (म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्याला) नाही, कारण स्टार शेल आधीच उलगडून देतो. २०१५ च्या जानेवारीत स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये हेच उघडकीला आलं होतं, व्हेरिएबल रिकामं निघालं, पुढे स्लॅश स्टार, आणि वापरणाऱ्याच्या फाइली गेल्या, जोडलेल्या एक्स्टर्नल ड्राइव्हवरच्यासुद्धा.

त्याहून मोठं उदाहरण क्योटो विद्यापीठाचं आहे आणि ते मी प्रत्येक नव्या पोराला सांगतो. डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजवरून सुमारे ७७ टीबी डेटा गेला, साधारण ३ कोटी ४० लाख फाइली, १४ संशोधन गटांच्या, आणि त्यातल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत मिळाला नाही. कारण काय, तर तुमच्यासारखीच साफसफाई, दहा दिवसांपेक्षा जुने लॉग फाइंडने डिलीट करणारी स्क्रिप्ट. सिस्टीम पुरवणाऱ्या कंपनीने ती सुधारली, व्हेरिएबलची नावं वाचायला सोपी केली, पण जुनी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी टाकली. बॅश हा शेल स्क्रिप्ट सुरुवातीलाच पूर्ण वाचून ठेवत नाही, चालता चालता फाइलमधून पुढचं वाचत जातो, त्यामुळे अर्ध्यातून नवा मजकूर आला, नव्या नावांची व्हेरिएबल ठरवलेलीच नव्हती, ती रिकामी, आणि लॉगच्या जागी लोकांच्या फाइलींचं फोल्डर साफ व्हायला लागलं. यातून दोन गोष्टी घ्या. सगळी स्क्रिप्ट एका फंक्शनमध्ये लिहा आणि शेवटच्या ओळीत ते फंक्शन बोलवून त्याच ओळीत एक्झिट करा, म्हणजे बॅशला आधी पूर्ण वाचावंच लागतं. आणि स्क्रिप्ट बदलायची असेल तर चालू फाइलवर कॉपी टाकू नका, शेजारी नवी फाइल बनवून एमव्हीने (फाइल हलवायची कमांड) जागेवर आणा, चालू असलेली जुनी स्क्रिप्ट मग जुनीच फाइल वाचत राहते.

आता मुख्य काम, काय ठेवायचं ते. हे कॉम्प्युटरवाल्याने ठरवायचं नाही, शेठजी आणि मुनीम यांच्याजवळ बसून ठरवा. काट्याचा फोटो हा शेतकऱ्याच्या मालाचा पुरावा आहे. दोन महिन्यांनी कुणी येऊन म्हणाला की माझी गाडी इतकी भरली होती आणि पावतीवर कमी आहे, तर वांधा मिटवायला तोच फोटो लागतो, आणि तो आपल्या स्क्रिप्टने उडवला असेल तर शेतकऱ्याला आपण तोंड काय दाखवणार? म्हणून ३० दिवस मला कमी वाटतात, पेमेंट पूर्ण होऊन वर काही दिवस जाईपर्यंत तरी फोटो राहिलाच पाहिजे, ९० धरा. बिलं आणि हिशोबाच्या फाइली या स्क्रिप्टच्या वाटेलाही जाऊ देऊ नका, त्या किती वर्षं ठेवायच्या ते सीएला विचारा.

वांध्यातल्या गाड्यांसाठी मुनीमजींना एक साधी टेक्स्ट फाइल द्या, प्रत्येक ओळीत एक पावती नंबर. तुमच्या फोटोच्या नावात पावती नंबर असतोच, त्यामुळे फाइंडने दिलेल्या यादीतून ग्रेप (मजकूर शोधून गाळणारी कमांड) डॅश व्ही, डॅश एफ मोठा आणि डॅश एफ छोटा देऊन ते नंबर असलेले फोटो गाळता येतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. मुनीमजी ती फाइल विंडोजवरच्या नोटपॅडमध्ये लिहिणार, आणि नोटपॅड ओळीच्या शेवटी एक न दिसणारं जादा अक्षर टाकतं, कॅरेज रिटर्न. ग्रेप मग नुसतं ४५१२ शोधत नाही, ४५१२ आणि ते अक्षर शोधतो, फोटोच्या नावात ते नसतं, जुळत नाही, आणि ज्या फोटोला वाचवायचं होतं तोच जातो. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखं दिसतं म्हणून तासन् तास डोकं खपवलं तरी सापडत नाही. टीआर कमांडने ते अक्षर काढून मगच यादी वापरा. यादीची फाइल सापडली नाही किंवा रिकामी असली तर स्क्रिप्टने काहीही न करता थांबायचं, कारण रिकामी यादी म्हणजे कुणालाच संरक्षण नाही. मधे एखादी कोरी ओळ राहिली तर उलटं होतं, कोरी ओळ सगळ्यांशी जुळते आणि काहीच साफ होत नाही, हे नुकसान चालण्यासारखं आहे पण कोऱ्या ओळीही गाळून घ्या.

फाइलच्या नावात स्पेस असते तिथे साधा पाइप फसतो, नाव तुटून दोन होतात. फाइंडला प्रिंट झिरो, ग्रेपला डॅश झेड, एक्सआर्ग्सला डॅश झिरो आणि डॅश आर, हे चारही लावा. आपल्याकडे अजून एक भानगड आहे, मराठी नावं. तुमच्या पीसीवर पासबुकाच्या स्कॅनचं फोल्डर शेतकऱ्यांचे या नावाने आहे. त्यातला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ वापरून, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. दिसायला एकच, आत बाइट वेगळे, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला पॅटर्न दुसऱ्या पद्धतीच्या नावाला लागत नाही. नाव स्क्रिप्टमध्ये हाताने टाइप करू नका, टॅब दाबून पूर्ण करून घ्या. नवीन फोल्डर करताना सरळ इंग्रजी अक्षरात लहान नावं द्या.

तारखेचं मात्र नीट समजून घ्या, कारण खान्देशात हे जास्त नडतं. एमटाइम प्लस ९० म्हणजे ९० दिवस झाले की लगेच असं नाही, फाइंड पूर्ण २४ तासांचे तुकडे मोजतो, उरलेले तास सोडून देतो आणि प्लस म्हणजे त्याहून जास्त, म्हणजे प्रत्यक्षात ९१ दिवस पूर्ण झाल्यावर फाइल सापडते. हा एक दिवस सोडा, खरी गडबड पीसीच्या घड्याळाची. लोडशेडिंगमध्ये पीसी रोज बंद-चालू होतो, मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो, लाइट आली की घड्याळ कधी कधी कुठल्या तरी जुन्या तारखेवर सुरू होतं, आणि इंटरनेट येऊन वेळ बरोबर होईपर्यंत काट्यावर आलेल्या गाड्यांचे फोटो त्या जुन्या तारखेने सेव्ह होतात. नंतर घड्याळ बरोबर असतं, स्क्रिप्ट चालते आणि तिला हे आजचे फोटो खूप जुने दिसतात. म्हणून फाइंडला खालचीही हद्द द्या, न्यूअरएमटी लावून कॅमेरे बसवले त्या तारखेच्या अलीकडच्याच फाइली धरायच्या. त्याआधीची तारीख असलेली फाइल दिसली की तिला हात न लावता वेगळ्या यादीत लिहायचं, ती माणसाने बघायची. आणि तो सेल बदला, फार पैसे लागत नाहीत.

तसंच पेनड्राइव्हवरून किंवा आरसिंकने (फाइली कॉपी करणारी कमांड) डॅश ए लावून आणलेल्या फाइली, झिपमधून काढलेल्या फाइली, या बहुतेकदा आपली जुनी तारीख घेऊनच येतात. मुनीमजींनी मागच्या सीझनचे फोटो बघायला म्हणून आज आणून ठेवले तर पुढच्या वेळी स्क्रिप्ट चालली की ते साफ. अशा फोल्डरवर सीटाइम वापरा, तो फाइल या डिस्कवर आली तेव्हापासून मोजतो, फक्त परमिशन किंवा नाव बदललं तरी तो नवा होतो हे लक्षात असू द्या. एटाइमच्या (फाइल शेवटची वाचली ती वेळ) भरवशावर राहू नका, डिस्क नोएटाइमने माउंट असेल तर तो बदलतच नाही.

आता काढायचं कसं. पहिला आठवडाभर स्क्रिप्टने फक्त प्रिंट करायचं, काय गेलं असतं त्याची यादी आणि एकूण साइज एका लॉगमध्ये, आणि ती यादी तुम्ही चहा घेता घेता रोज खरंच वाचायची. त्यानंतरही थेट डिलीट नाही, आजच्या तारखेच्या नावाचं एक फोल्डर त्याच डिस्कवर करायचं आणि एमव्ही डॅश टीने फाइली तिथे हलवायच्या. त्याच डिस्कवर असल्यामुळे हलवणं म्हणजे फक्त नाव बदलणं, हजारो फोटो पटकन जातात. तीन कॅमेऱ्यांच्या फोटोंची नावं सारखी असू शकतात, म्हणून एमव्हीला बॅकअप इक्वल नंबर्ड लावा, नाहीतर एकावर एक पडून तिथेच नुकसान होईल. मग पंधरा दिवसांनी ते तारखेचं फोल्डर रिकामं करायचं, आणि पंधरा दिवस फोल्डरच्या नावातल्या तारखेवरून मोजायचे, फाइलच्या एमटाइमवरून नाही, कारण हलवल्याने एमटाइम बदलत नाही. या पंधरा दिवसांत जागा मोकळी होत नाही हे खरं आहे, पण कापसाची आवक वाढायच्या आधी म्हणजे सप्टेंबरमध्येच हे चालू केलंत तर सीझनला अडचण येणार नाही.

शेवटच्या साफसफाईला फाइंडचंच डॅश डिलीट चांगलं, पण ते सगळ्यात शेवटी लिहायचं. फाइंड डावीकडून उजवीकडे अटी तपासत जातो, डिलीट आधी आणि एमटाइम नंतर लिहिलं तर तो आधी सगळं डिलीट करेल आणि तारीख नंतर बघेल. एक्सडेव्ह हे पण लावा, म्हणजे त्या फोल्डरखाली दुसरी डिस्क माउंट असेल तर तिकडे जाणार नाही. फोटो वेगळ्या डिस्कवर असतील तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने डिस्क जागेवर आहे का ते तपासा, लाइट जाऊन आली की कधी कधी ती माउंट होत नाही, आणि मग कॅमेऱ्याचे फोटो पीसीच्या मुख्य डिस्कवर जाऊन सगळा पीसीच अडकतो.

चालवायचं कधी? रात्री दोन वाजताचा क्रॉन तुमच्याकडे उपयोगाचा नाही, जिनिंगचं ऑफिस बंद झालं की तुम्ही पीसी बंद करता, आणि क्रॉन चुकलेली वेळ भरून काढत नाही. सिस्टमडीचा (उबंटूमधली कामं सुरू-बंद करणारी यंत्रणा) टाइमर करा आणि त्यात पर्सिस्टंट ट्रू ठेवा, म्हणजे पीसी सुरू झाला की राहिलेलं काम तो करून घेतो. नाहीतर अ‍ॅनाक्रॉन (चुकलेली कामं नंतर करून घेणारा क्रॉन) असेल तर स्क्रिप्ट क्रॉन डेली फोल्डरमध्ये ठेवा, पण नावाला डॉट एसएच लावू नका, उबंटूवर तिथे नावात डॉट असलेली फाइल चालवलीच जात नाही आणि एररही येत नाही, यात भले भले फसतात. एकाच वेळी दोनदा चालू नये म्हणून एफलॉक डॅश एन. क्रॉनमध्ये पाथ (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) तुटपुंजा असतो, तारखेच्या फॉरमॅटमधल्या टक्क्याच्या चिन्हाला तो ओळ संपली असं समजतो, म्हणून क्रॉनच्या ओळीत फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवा, बाकी सगळं स्क्रिप्टमध्ये. आणि रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालवू नका, फक्त फोटोंचं फोल्डर हाताळू शकेल असा वेगळा युजर करा, मग स्क्रिप्ट चुकली तरी नुकसान त्या फोल्डरापुरतं राहतं.

हे सगळं करण्याआधी जागा खरंच फोटोच खातायत का ते बघून घ्या. डीयूने फोल्डरप्रमाणे साइज काढा, सॉर्ट डॅश एच लावा. बऱ्याचदा फोटो थोडेच असतात आणि कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरचा लॉग कित्येक जीबी झालेला असतो. तो लॉग आरएमने उडवला तरी जागा मोकळी होत नाही, कारण सॉफ्टवेअरने ती फाइल उघडी धरलेली असते, ती सोडेपर्यंत डिस्कवर जागा अडकूनच राहते. डीएफ (अख्ख्या डिस्कची भरलेली-मोकळी जागा दाखवणारी कमांड) आणि डीयूचे आकडे जुळत नसतील तर बहुतेक हेच असतं, एलएसओएफ प्लस एल १ चालवलं की अशा फाइली दिसतात. लॉगला ट्रंकेट (फाइल न काढता आतून रिकामी करणारी कमांड) वापरा, आणि कायमचं करायचं तर लॉगरोटेट (जुने लॉग आपोआप आवरणारा प्रोग्राम) आधीच उबंटूमध्ये आहे, त्यासाठी वेगळी स्क्रिप्ट लिहू नका. सिस्टीमच्या जर्नलला जर्नलसीटीएलचा व्हॅक्यूम साइज पर्याय आहे. आणि डिस्कवर जागा दिसतेय तरी फाइल बनत नसेल तर डीएफ डॅश आय बघा, लाखो बारक्या फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे डिस्कवर लागणारी नोंद) संपलेले असतात.

स्क्रिप्ट लिहिली की शेलचेक या स्क्रिप्ट तपासणाऱ्या प्रोग्राममधून काढा, तो न कोट केलेली व्हेरिएबल आणि आरएमच्या धोकादायक जागा लगेच दाखवतो. मग खऱ्या फोल्डरवर नाही, टच डॅश डीने जुन्या-नव्या तारखांच्या, स्पेसवाल्या, मराठी नावाच्या रिकाम्या फाइली बनवून त्यांच्यावर चालवून बघा. पासबुकाच्या स्कॅनच्या फोल्डरचं वेगळं बोलू, ते शेतकऱ्यांचे बँकेचे कागद आहेत, पेमेंट झाल्यावर पडून राहणं बरं नाही, पण तिथे नियम वेगळा लागेल. आत्ता डीयू, डीएफ आणि डीएफ डॅश आयचं आउटपुट टाका, आणि गेट फोल्डरचं एलएस डॅश एल पण, त्यावरून तुमची स्क्रिप्ट ओळीओळीने बघू.